अधिक महिना कुणाचा

अणदूर,
२० जुलै २०२६

चि. मल्हार यास अनेक आशीर्वाद.

पत्र बघून चकित होऊ नकोस. आपल्या कराराचं कलम चार असं आहे की आईबाबतची सगळी बोलणी लेखी व्हावीत. मागच्या वर्षी फोनवर बोललो आणि नंतर दोघांनीही कानांवर हात ठेवले. तहसीलात छत्तीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसानं तशी चूक पुन्हा करू नये.

आबा गेले त्या वर्षी तूच म्हणाला होतास की आपल्या गावचा खंडोबा अणदूरहून नळदुर्गाला जातो, ठरलेले दिवस राहतो आणि परत येतो, आणि दरवेळी दोन्ही गावचे मानकरी बसून करार करतात. देवाला जे चालतं ते आईला का चालू नये? त्यावरून आपण कागद केला. गुढीपाडवा ते घटस्थापना आई माझ्याकडे अणदूरला, घटस्थापना ते गुढीपाडवा तुझ्याकडे तेरला. सहा वर्षं सुरळीत चाललं आहे.

आता मुद्द्याचं. मे महिन्यात मी निवृत्त झालो. माझे दोस्त हिंमतराव पाटबंधारे खात्यातून माझ्या आधी सुटलेत. आम्ही दोघं आणि दोघांच्या बायका मिळून गाडीनं कोकण किनारा करायचा ठरवलं आहे. घाई अजिबात नाही. किनाऱ्याला लागल्यावर दिवसाला शंभर किलोमीटरच्या वर गाडी हाकायची नाही, दुपारी आडवं व्हायचं, सूर्य बुडेपर्यंत वाळूत खुर्ची टाकून बसायचं. ऑक्टोबरच्या एक तारखेला निघून दहाला परत. तेव्हा पाऊस सरलेला असतो, घाट हिरवे असतात, आणि पक्ष पंधरवडा असल्यामुळे लोक बाहेर पडत नाहीत, म्हणून हॉटेलं रिकामी.

मागच्या वर्षी घटस्थापना बावीस सप्टेंबरला होती. त्या हिशेबानं आईला याही वर्षी बावीस सप्टेंबरच्या सुमारास तू घेऊन जावंस, ही विनंती.

परवा आम्ही नकाशा पसरून बसलो होतो तर आईनं विचारलं, "दर्याचं पाणी मेंढरं पितात का रं?" आम्ही पोट धरून हसलो. मग म्हणाली, "गाडीत जागा हाय का?" गाडी सात जणांची आहे खरी, पण मागची सीट पाडून तिथं घडीच्या खुर्च्या आणि शेगडी ठेवायची आहे. तसं तिला नीट समजावून सांगितलं.

तुझा,
दादा

---

तेर,
२७ जुलै २०२६

ती. दादांस सा. न.

पत्र मिळालं. वर्षाराणीला वाचून दाखवलं. तिला खुर्च्यांची कल्पना फार आवडली.

आईला गाडीत नेलं नाहीत ते उत्तम केलंत. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी माणसानं घरात बसून नाव घ्यावं देवाचं. प्रवासाचं वय असतं, ते उलटलं.

परंतु दादा, आपला करार तारखेनं नाही, तिथीनं आहे. कागद काढून बघा, अक्षर तुमचंच आहे. यंदा ज्येष्ठात अधिक महिना आला, त्यामुळे घटस्थापना अकरा ऑक्टोबरला आहे. तोवर आई तुमच्या वाटणीची. खंडोबाला कुणी 'या वर्षी अधिक आहे, लवकर उचला' असं म्हणतं का? स्वेच्छानिवृत्ती घेईपर्यंत मी एकतीस वर्षं पोरांना व्याकरण शिकवलं. लिहिलेल्या शब्दाचा अर्थ मला नव्यानं कुणी शिकवू नये.

तुम्ही सहल दोन आठवडे पुढं ढकलू शकता. दसरा झाल्यावर जा.

एक विचारतो. निव्वळ ज्ञानात भर म्हणून. मुक्काम कुठं कुठं ठरवलेत आणि कोणत्या रस्त्यानं जाणार?

आईला नमस्कार सांगा.

मल्हार

---

अणदूर,
६ ऑगस्ट २०२६

चि. मल्हार यास आशीर्वाद.

दसऱ्यानंतर दिवाळीची गर्दी सुरू होते आणि हिंमतरावांच्या सुनेचं बाळंतपण आहे. सहल पुढं जाणार नाही.

अधिक महिन्याचं बोलतोस तर सरळ विचारतो. तो महिना कुणाचा? करारात अधिकाचा उल्लेखच नाही. म्हणजे तो दोघांचा आणि निम्मा तुझा. पाडव्यापासून आजवर मी तिला सांभाळतो आहे, त्यात तो जास्तीचा महिना कमलच्या उरावर आला. अर्धा उचल. तेवढे दिवस मागे आलास की सप्टेंबरअखेर होते आणि वाद मिटतो.

आईची हल्लीची स्थिती कळवून ठेवतो, म्हणजे ताब्यात घेताना तक्रार नको. भूक बेताची. डावा गुडघा धरतो. सकाळी उठल्यावर अंगणातली माणसं मोजते. लहानपणी आपण तळावर असताना आबा आणि ती मेंढरं मोजायचे ना, तसं. आम्ही तीनच असतो तरी मोजते, आणि तीन भरले की चहा घेते. कमलला याचा वीट आला आहे.

मार्ग विचारलास म्हणून लिहितो. वाचून तुलाही बरं वाटेल. पहिल्या दिवशी कोल्हापूर. मग घाट उतरून मालवण, तिथं दोन रात्री. मग किनाऱ्याकिनाऱ्यानं देवगड, रत्नागिरी, गणपतीपुळे. पुढं जयगडला खाडी आडवी येते, तिथं गाडीसकट फेरीबोटीत चढायचं आणि पलीकडं तवसाळला उतरायचं. हिंमतरावांच्या मते सगळ्या सहलीतली ती वीस मिनिटं सगळ्यात सुंदर. मग गुहागर, दापोली, आणि पुण्यावरून परत. हॉटेलं सगळी समुद्राकडे तोंड करून. नावं सोबतच्या चिठ्ठीत.

तारीख कळव.

दादा

---

तेर,
१९ ऑगस्ट २०२६

ती. दादांस सा. न.

चिठ्ठी मिळाली. हॉटेलांची नावं वाचूनच वारा लागला अंगाला. दापोलीच्या हॉटेलात खाली खोली मिळते का? म्हणजे ज्यांना जिना चढवत नाही अशांसाठी. आणि फेरीबोट पलीकडून अलीकडंही येते ना, की एकाच दिशेची आहे? केवळ कुतूहल.

आम्ही मात्र यंदा कुठं जाणार. तुमच्या भावजयीचे, म्हणजे वर्षाराणीचे गुडघे आईइतके जुने नाहीत, तरी दुखतात. अख्खा ऑक्टोबर आम्ही घरातच आहोत. ओसरीवर बसायचं, तेरणेचं पाणी किती वाढलं ते बघायचं, संपलं. तुमच्यासारखं नशीब सगळ्यांचं नसतं.

परंतु अकरा तारखेच्या आत आईला घेणार नाही. हे मी रागानं लिहीत नाही, नियमानं लिहितो. एकदा अधिक महिन्याला हात लावला की पुढं क्षय तिथी येतील, मग ग्रहणं येतील.

कमलवहिनींना सांगा की तीन माणसं मोजायला फार वेळ लागत नाही.

मल्हार

---

अणदूर,
१ ऑक्टोबर २०२६, सकाळी सहा
(आईच्या पिशवीतून)

चि. मल्हार यास आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा आई तुझ्या ओसरीवर असेल. तू स्वतः लिहून दिलं आहेस की अख्खा ऑक्टोबर तुम्ही घरात आहात. घरात असलेला मुलगा दारात उभ्या आईला माघारी लावणार नाही, इतका माझा तुझ्यावर विश्वास आहे. आणि लावणार असलास तर अणदूरला कुलूप आहे.

आता तिला धाराशिवच्या गाडीत बसवून देतो आहे. कंडक्टरला सांगून ठेवीन की स्टँडवर तेरची गाडी दाखवून द्या. आयुष्यभर मेंढरांमागं चाललेली बाई आहे, दोन गाड्या बदलायला तिला काही होत नाही. दोन लुगडी, औषधाची डबी, शेंगांची चटणी आणि तिची काठी सोबत. मोजून घे.

मी तुला पोचल्याचा फोन करणार नाही आणि तुझा आला तर उचलणार नाही. तू परत न्यायचं बोलशील आणि आमच्या सहलीचा विचका होईल. दहा तारखेनंतर जे बोलायचं ते बोलू.

आत्ता पिशवी भरताना म्हणाली, "मल्याला सांगितलंस ना म्या येतीय?" मी म्हटलं, "सांगितलं."

दादा

---

गुहागर,
६ ऑक्टोबर २०२६, रात्र
(पत्ता तुझ्या घरचा, घरी गेल्यावर मिळेल)

मल्हार,

आज जयगडच्या धक्क्यावर जे झालं ते तू उद्या नाकारशील, म्हणून आजच लिहून ठेवतो.

आमची गाडी रांगेत तिसरी होती. पलीकडून बोट आली, फळी पडली आणि गाड्या उतरायला लागल्या. हिंमतराव म्हणाले, "अहो, ही धाराशिवची गाडी दिसते, नंबर बघा." मी बघितलं तर स्टिअरिंगवर तू. मागं वर्षाराणी, गुडघ्यावर शहाळं ठेवून. आणि पुढच्या सीटवर काळा चष्मा लावून तुझी सासू लक्ष्मम्मा, जी आपल्या आईपेक्षा दोन वर्षांनी मोठी आहे.

दापोलीची खालची खोली कुणासाठी होती ते मला तेव्हा कळलं. माझाच कागद, माझीच हॉटेलं, नुसती उलट्या दिशेनं.

तू काच खाली केलीस आणि म्हणालास, "दादा, आई कुणाकडं ठेवली?" मी म्हटलं, "तुझ्याकडं." मग तू म्हणालास, "आम्ही एक तारखेला पहाटेच निघालो." मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवून धक्का डोक्यावर घेतला.

तिथल्या चहाच्या टपरीवरून तू शेजारच्या ज्ञानेश्वरीला फोन लावलास. तिचं बोलणं मीही ऐकलं. "आजी माझ्याकडं हायती. एक तारखेपासून हायती. जेवत्यात, झोपत्यात. तुमच्याशी बोलायचं न्हाय म्हणत्यात." एवढं ऐकून तू फोन ठेवलास.

खरं सांगायचं तर ती सुखरूप आहे हे ऐकून मला हायसं वाटलं. कमल रडली. पण मग तू लोकांदेखत मला 'आईला पार्सल करणारा' म्हणालास. मी पार्सल केलं ते पत्ता बघून केलं. त्या पत्त्यावर आहोत असं खोटं लेखी कुणी दिलं होतं? दोष नोंदवायचा झाला तर आधी तुझा.

तुला म्हटलं, परत जा, ती तुझ्या गावात आहे. तू म्हणालास, तिथीनं ती अजून तुमची. मग आमची पाळी आली आणि आम्ही बोटीत चढलो. वीस मिनिटं खरंच सुंदर होती, हे कबूल करतो.

ती ज्ञानेश्वरीकडे व्यवस्थित आहे. पाच दिवस राहिली, आणखी चार दिवसांनी काही बिघडणार नाही. आम्ही ठरल्याप्रमाणे दहालाच परतू.

धनाजी

---

गणपतीपुळे,
७ ऑक्टोबर २०२६

दादा,

तुमच्या आधी मी लिहायला हवं होतं, पण काल संध्याकाळी सासूबाईंना पाण्यात पाय बुडवायचे होते.

मी खोटं लिहिलं, मान्य. का लिहिलं तेही ऐका. तुमचं पहिलं पत्र आलं तेव्हा वर्षाराणी म्हणाली, "भाऊजी सुटले आणि तुम्ही बसा म्हातारी राखत." मी मास्तर, तुम्ही कारकून, पण लहानपणापासून नवी चप्पल आधी तुम्हाला आणि तुमची झिजलेली मला. या वेळी म्हटलं तुमच्या आधी समुद्र बघायचा. त्यासाठी उलटी दिशा धरली. एक दिवसानं का होईना, तुमच्या आधी गुहागरला पोचलो.

सासूबाईंना नेलं कारण त्यांनी तसं मागितलं होतं. आपल्या आईनं माझ्याकडं कधी काही मागितलं नाही. तुमच्याकडं गाडीत जागा मागितली होती, हे तुमच्याच पत्रात आहे.

आणखी एक, उगाच जिवाला लागलं म्हणून लिहितो. पाच दिवसांत मी एकदाही अणदूरला फोन केला नाही की आई कशी आहे. तुम्ही तेरला केला नाही. आपण दोघं भाऊ शोभतो.

मीही परत जात नाही. ज्ञानेश्वरीला दोनदा फोन केला. ती एवढंच म्हणते, "तुम्ही फिरून या सर, आजींची काळजी नका करू." तिच्या आवाजात काहीतरी होतं. वर्षाराणी म्हणते, तिला साडी घेऊन जाऊ.

अकरा तारखेला दुपारी घट बसल्यावर मी आईला रीतसर घरात घेईन. त्याआधी नाही. एवढं झाल्यावर तर मुळीच नाही.

मल्हार

---

तेर,
१० ऑक्टोबर २०२६, सर्वपित्री अमावास्या

(धनाजी बिरदेव, अणदूर आणि मल्हार बिरदेव, तेर यांना. एकाच मजकुराच्या दोन प्रती. हरणाबाई आजी सांगतात तसंच लिहिलं आहे, माझा एकही शब्द नाही. ज्ञानेश्वरी, अंगणवाडी सेविका.)

धना, मल्या,

तुमी दोघं लिवता, म्हून म्या बी लिवून घेतीय. कलम चार.

धनानं मला गाडीत बसवली. धाराशिवला कंडक्टर इसरला. म्या तासभर उभी राह्यले, मग एका पोरीला इचारून तेरची गाडी धरली. मल्याच्या दाराला कुलूप. ओसरीवर बसले. म्हणलं शेतात गेली असत्याल. दिवस मावळला तवा ज्ञानेश्वरी आली, म्हणली, "आजी, सर तर पहाटंच कोकणात गेले." म्या म्हणलं, "धना गेलाय कोकणात, मल्या न्हाय." ती म्हणली, "दोघं बी गेले असतील."

पिशवीत कागद हुता. तिला म्हणलं वाच. ती वाचायला लागली अन् थांबली. म्या म्हणलं, समदं वाच. चटणीपातूर वाचलं तिनं. मोजून घे म्हणतोस व्हय रं धना. तुमाला मोजायचं माजं राहिलं.

ती फोन लावती म्हणली. म्या न्हाय म्हणलं. बघू, कोण इचारतंय. पहिल्या दिशी न्हाय. दुसऱ्या दिशी न्हाय. तुमचा बाप अन् म्या मेंढरं घिऊन हिंडलो, त्यात सांजंला एक कोकरू कमी भरलं तर बाप भाकरीला हात लावीत नव्हता. कंदील घिऊन ओढ्याओढ्यानं फिरायचा. तुमाला सा दिस भाकरी गोड लागली. मासं खाल्लं म्हणं.

दर्याचं पाणी खारं असतंय म्हणून ज्ञानेश्वरीनं सांगितलं. मेंढरू पीत न्हाय. मग म्या कशाला येत हुते.

शरणप्पा, माज्या बहिणीचा ल्योक, तेरणेच्या काठाला तळ टाकून हाय. त्याला निरोप धाडला. त्यो आला, इचारलं काय न्हाय, म्हणला, "मावशे, कोकरं राखायला माणूस पायजे मला." उद्या पहाटं तळ हालणार, त्याच्या संगं जाती. गुडघा धरतोय, पर घोड्यावर बसंन. पत्ता इचारू नका. तळाला पत्ता नसतो.

आता आजचं सांगती, मग संपलं.

आज सर्वपित्री. दरसाल तुमच्या बापाचं पान म्या माज्या हातानं वाढती, तुमाला ठाव हाय. तुमी दोघं फिरत हुता, तरी पान वाढायचं थोडंच ऱ्हातंय. ज्ञानेश्वरीच्या चुलीवर खीर केली, वडं केलं, भोपळा केला. पत्र्यावर पान ठिवलं. कावळा लगीच आला अन् शिवला. तुमचा बाप तसाच हुता, कशाला अडून बसला न्हाय कधी.

मग म्या अजून दोन पानं वाढली. ज्ञानेश्वरीनं इचारलं, "आजी, ही कुणाची?" म्या म्हणलं, "माजी दोन लेकरं गेली." हितं तिनं लिवायचं थांबवलं हुतं. म्या म्हणलं, लिव.

त्या दोन पानांना कावळा शिवंना. पत्र्यावर बसला, पानांकडं बघितलं, मान फिरवली. तास झाला. ऊन वर आलं, खिरीवर साय धरली. शेजारचा शांतलिंग म्हातारा म्हणला, "हरणाबाई, गेलेल्यांचं मन कशात तरी आडकलंय. काय इच्छा राहिली असंल ती बोल, पुरी करती म्हून सांग, तवा शिवंल."

म्या लई इचार केला. तुमची काय इच्छा राहिली असंल. नोकरी झाली, घरं झाली, दर्या बी बघून झाला. मग ध्यानात आलं. पानांम्होरं हात जोडलं अन् म्हणलं, "बाबांनो, अधिक महिना बी कुणाचा न्हाय अन् साधा बी न्हाय. हरणाबाई आता कुणाच्याच वाटणीची न्हाय. म्या येत न्हाय तुमच्याकडं, कवाच येत न्हाय. जावा सुखानं."

माजं बोलणं संपायच्या आत दोन कावळं उतरलं. दोन्ही पानं साफ केली.

हरणाबाई बिरदेव
(डाव्या हाताचा अंगठा)